अकराशेचं इंजिन

९ जानेवारी

प्रिय पट्टी,

नमस्कार. तुझी आणि वहिनींची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. नसली तरी मला कळवणारं आता कुणी उरलेलं नाही. माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी सगळं जागेवर आहे. लेक दर रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, मी घेतल्या म्हणतो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून अक्षर पुन्हा शाळेतल्यासारखं गोल झालंय, ते तू बघतोच आहेस.

एकतीस वर्षांनी पत्र कशाला, असं तुला वाटलं असेल. पाकीट तू आधी उजेडात धरलं असशील आणि मग कडेला सरळ रेषेत कापलं असशील. शाळेत तू खडूचेसुद्धा दोन तुकडे पट्टी लावून करायचास. नाव उगीच नाही पडलं. एकाच बाकावर मी कविता गुणगुणायचो आणि तू माझ्या वहीचा समास मोजायचास. कवितेचे मास्तर म्हणायचे, "एकजण मात्रा मोजतो, एकजण ऐकतो. दोघं मिळून एक बरा विद्यार्थी होतो." खिडकीतून खडूची धूळ उन्हात तरंगायची आणि अख्खा वर्ग एका तालात कविता म्हणायचा. आजही डोळे मिटले की पहिल्यांदा तो आवाज येतो. तुझा त्यात अर्धी मात्रा पुढे असायचा.

असो. पत्राचं कारण सांगतो. गाडी बाहेर काढली आहे.

कुठली म्हणून काय विचारतोस, तीच निळी. एकतीस वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. चारही टायर बसले होते आणि सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. परवा मिस्त्रीने ढकलून ती उन्हात आणली. आणि मी तिच्यात अठराशे सीसीचं इंजिन बसवतो आहे.

पुन्हा वाच. अकराशेचं काढून अठराशेचं. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं आहे, तिच्यासारखंच जुन्या पद्धतीचं, कार्बोरेटरवालं. भंगाराच्या आवारात उताणं पडलं होतं. मी त्याच्यावर हात ठेवला आणि तुझी आठवण झाली.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. आपल्या मोटर क्लबची घाटातली चढणीची शर्यत. लहान गाड्यांचा गट, बाराशेच्या आतलं इंजिन. मी चार मिनिटं एकतीस सेकंदांत वर पोचलो. दुसरा नंबर चार बेचाळीस, आणि तो तुझा. तेव्हाही सेक्रेटरी तूच होतास. तू गाडीतून उतरलास, घाम पुसलास आणि साठ माणसांसमोर म्हणालास, "हे इंजिन अकराशेचं नाही. बॉनेट उघड."

मी म्हणालो, "माझा शब्द पुरे नाही का?"

तू म्हणालास, "शब्द कवितेत चालतात. इथे बॉनेट उघडतात."

लोक हसले. मी उघडलं नाही. बॉनेटवर बसून राहिलो. पँटीतून चटका बसत होता तरी हललो नाही. ज्याच्या शेजारी दहा वर्षं बसलो, ज्याची सख्खी धाकटी बहीण माझ्या घरात नांदत होती, त्याला माझा शब्द पुरत नसेल तर मी का उघडावं? मानी माणूस होतो. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या विजेत्यांच्या फळ्यावरचं माझं नाव काळ्या रंगाने पुसलं गेलं. नोटीस तू लिहिलीस: "तपासणीस नकार. इंजिन बदलल्याचा संशय." गावभर मला 'झाकण' म्हणू लागले. "काय झाकणराव, आज काय दडवलंय?" माझं दुकान होतं कार्बोरेटर दुरुस्तीचं. लबाडाच्या हातात आपल्या गाडीचा कार्बोरेटर कोण देईल? दोन वर्षांत शटर ओढलं आणि पुढची अठरा वर्षं मी छापखान्यात लोकांच्या लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासली.

तर आता ऐक. ज्या गुन्ह्याची शिक्षा तू मला आगाऊ दिलीस, तो गुन्हा मी आता करतो आहे. शिक्षा भोगून झाली आहे, म्हणजे गुन्ह्यावर माझा हक्क आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची शर्यत असते ना? लहान गाड्यांच्या गटात माझं नाव लिहून ठेव. साठ माणसांसमोर तुला मागे टाकीन आणि मग तू न सांगता बॉनेट उघडीन. बघ म्हणावं, तुझं खरं झालं.

दोन ओळी सुचल्या आहेत. मास्तरांना आवडल्या असत्या.

लहान होते हृदय आमुचे, चढण तरीही मोठी;
पुढे धावलो म्हणून झाली खरी गोष्टही खोटी.

मात्रा मोजून बघ. सोळा-बारा आहेत.

तुझा बाकावरचा शेजारी,
गुणगुण्या


१६ फेब्रुवारी

प्रिय पट्टी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, तिन्हींची लांबी सारखी. "पत्र पोचले. बाराशेच्या वरील इंजिन लहान गटात चालणार नाही. या वयात दगदग करू नये." एकतीस वर्षांनी मेहुणा लिहितो आणि त्यात एक नियम, एक सल्ला आणि एक पोच! मी ते कार्ड शेडच्या दारावर खिळ्याने ठोकलं आहे. मिस्त्री येता-जाता वाचतो आणि म्हणतो, "काका, तुमचे मेहुणे सरकारी खात्यात होते का?" मी म्हटलं, मोजणी खात्यात. तो म्हणाला, "तरीच."

हा मिस्त्री पन्नाशीचा आहे. बोलतो कमी आणि बोलला की टोचतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "इंजिन बसवणं सोपं आहे काका. गाडीला ते पटवणं अवघड आहे." मला वाटलं थट्टा करतोय. आता रोज पटतंय.

साखळी-कप्पी लावून जुनं इंजिन उचललं तेव्हा गाडीचं नाक वर आलं, जसं काही इतकी वर्षं मान खाली घालून होती. नवीन ठेवलं तर नाक इतकं खाली गेलं की पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. मग इंजिन ज्या कानांवर टेकतं ते कान दीड इंच पुढे आले. ते कापले, नवे जोडले. इंजिन थोडं मागे सरकवलं तर गिअरबॉक्सचा दांडा लांब झाला. पुढे आणलं तर पंखा रेडिएटरवर घासायला लागला. एक बोट मागे, अर्धं बोट पुढे, असं चार दिवस चाललं. तू असतास तर सुखावला असतास. मला एकदा वाटूनही गेलं की हाक मारावी. मग दारावरचं कार्ड दिसलं.

ब्रेकही मोठे घातले. मिस्त्रीने हट्टच धरला. "पळायचं खूळ तुमचं, थांबायची जबाबदारी माझी."

आणि गंमत ऐक. सगळं बसलं, तेल भरलं, पाणी भरलं, आणि बॉनेट लागेना. कार्बोरेटरवरचा हवेचा डबा चार बोटं वर राहिला. मिस्त्री म्हणाला, "पत्र्याला भोक पाडू आणि वर टोपी बसवू."

"नको," म्हटलं. "काढूनच ठेव."

"उघडीच चालवणार?"

"उघडीच."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांनीही मला झाकणराव म्हटलेलं असणार.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तीनदा खोकलं आणि मग धरलं. पट्टी, काय आवाज होता! चार सिलिंडर म्हणजे चार चरण, मी दुकानात गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचो. एक जरी अडखळला तरी कवितेची यती मोडते. गिऱ्हाइकं माना डोलवायची. म्हणायची, "तुमच्या कानाला तोड नाही." आता मीच स्क्रू फिरवतोय, पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, रोज सकाळी. अजून मनासारखं लागलेलं नाही. थोडा धूर देतं. लागेल.

जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात गोणपाटावर ठेवलंय. मिस्त्रीने काल ते पुसलं. म्हणाला, "काका, कार्बोरेटरला ही सळई कसली लावलीय? टोकाला हिरवा मणी आहे. स्वेटर विणायची सुई दिसते."

मी म्हटलं, असेल काहीतरी जुनं. हाताला येईल ते लावायचे तेव्हा.

"हाताला येईल ते नाही हे. इतकं नेमकं काम मी पाहिलेलं नाही. कोणी केलंय?"

मी त्याला पाना आणायला पाठवलं.

बाकी सगळं ठीक. हवा कोरडी आहे, संध्याकाळी गुडघे कुरकुरतात. पुढच्या आठवड्यात घाटात चाचणी घेणार. तू तुझं स्टॉपवॉच पुसून ठेव. माझं नाव लहान गटात लिहिणार नसशील तर मोठ्या गटात लिही. मला काय, मी दोन्हीकडे तुला पुरून उरेन.

तुझा,
झाकण


२३ मार्च

प्रिय पट्टी,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. टेम्पोवाल्याने हातात दिलं असेल, आणि त्याआधी चार माणसांनी तुझ्या फाटकाच्या आत एक लाकडी पेटी उतरवली असेल. वहिनींना म्हणावं, घाबरू नका. आत इंजिन आहे. पेटी उघडायच्या आधी हे वाच. वाचल्यावर ती परत पाठवावीशी वाटेल, पण एकट्याने हलणार नाही, आणि चारजणांना बोलावलंस तर चारजणांना सांगावं लागेल.

चाचणी झाली. रस्ता तोच आहे. सातव्या वळणावरचा दगड थोडा झिजलाय, कठडा नवीन आहे. खाली मी बसलो, वर मिस्त्री घड्याळ घेऊन उभा राहिला. अठराशेचं इंजिन, नव्या स्प्रिंगा, मोठे ब्रेक. समोर बॉनेट नाही, त्यामुळे सगळं यंत्र डोळ्यांदेखत धडधडत होतं. मला शाळेतली सगळी वीरश्री आठवली. तोंडाने मोठ्याने काहीतरी म्हणतही होतो.

पाच मिनिटं चौदा सेकंद.

म्हटलं, वय झालं, हात कचरतात. मिस्त्रीला बसवलं. तो बेफाम चालवतो. तो खालून निघाला आणि मी वर घड्याळ धरून कठड्याशी उभा राहिलो. चार मिनिटं एकोणपन्नास.

दोन दिवस मी कार्बोरेटरातले पेट्रोल सोडणारे जेट बदलले, स्क्रू फिरवले, पुन्हा त्याला पाठवलं. चार शेहेचाळीस. त्याखाली येईना. तो उतरला, रुमालाने हात पुसला आणि म्हणाला, "काका, राग मानू नका. इंजिनात ताकद आहे, पण त्याला श्वास घेता येत नाहीये. जुनं ज्याने लावलं होतं त्यालाच बोलवा."

पट्टी, ज्याने लावलं होतं तो मी नव्हतो.

तुझ्या बहिणीने लावलं होतं.

ते इंजिनच नव्हे. दुकानात आलेला प्रत्येक कार्बोरेटर. मी पुढे काउंटरवर उभा राहून बोलायचो, चार चरण आणि यती. ती मागच्या खोलीत स्टुलावर बसायची, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा कशी आत जाते ते ऐकायची. डोळे मिटलेले. मग पाव आटा, कधी त्याच्याही निम्मा. मला कवितेतली मात्रा ऐकू यायची, इंजिनातली कधीच आली नाही. लोक म्हणायचे तुमच्या कानाला तोड नाही, आणि मी मान लववून ते घ्यायचो. पहिल्या वेळी तिच्याकडे बघितलं होतं. ती हसली. म्हणाली, "तुम्ही बोला कविराज, मी ऐकते." दुसऱ्या वेळेपासून बघायचंही सोडलं.

शर्यतीच्या आधी तिने तुमच्या आईच्या विणायच्या सुयांची जोडी घेतली. हिरव्या मण्यांची, जिच्यावर तुझा शाळेचा स्वेटर विणला होता. एक सुई वाकवून अ‍ॅक्सिलरेटरची सळई केली, मण्यामुळे ती निसटत नाही. दुसरी कार्बोरेटरच्या आत आहे. पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी जी निमुळती सुई असते ना, तिच्या जागी. पॉलिशपेपरवर ती तीन आठवडे घासत होती. घासायची, लावायची, ऐकायची, काढायची. त्या अकरा सेकंदांत इंजिनाची लबाडी नव्हती. ते अकरा सेकंद तिच्या कानाचे होते.

आता तुला कळलं असेल मी बॉनेट का उघडलं नाही. मानाबिनाचं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते विसर. बॉनेट उघडलं असतं तर पहिल्या नजरेला हिरवा मणी दिसला असता. तू ओळखला असतास आणि साठ माणसांसमोर मोठ्याने हसून म्हणाला असतास, "अरे, हे तर धाकटीचं काम!" लबाड म्हणून घेणं मला सोसलं. बायकोच्या जिवावर दुकान चालवणारा म्हणून घेणं सोसलं नसतं.

आणि ती माझ्या शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, उघडा ना. दादाला बघू दे. आईच्या सुया ओळखेल तो." तिला ते दिसायला हवं होतं, पट्टी. एवढंच हवं होतं. मी बॉनेटवर बसून राहिलो.

त्यानंतर तिने कार्बोरेटरला हात लावला नाही. रबरी नळी कापून गॅलरीतल्या कुंड्यांच्या नळाला जोडली. गिऱ्हाइकं तुझ्या नोटिशीने गेली असं मी लिहिलं होतं. काही गेली. उरलेल्यांच्या गाड्या मी हातात घेतल्या आणि ती गिऱ्हाइकं माझ्या कामाने गेली.

माझा भाग सांगून झाला. आता तुझा.

तू माझा शब्द नाकारला नाहीस. तू तिचं काम नाकारलंस. जन्मभर मोजमाप करणारा माणूस तू, सख्ख्या बहिणीच्या हातचं काम समोर असताना मोजायच्या आधी निकाल दिलास, कारण अकरा सेकंद तुला झोंबले. माझी बायको होती म्हणून मला तिच्या हुशारीची लाज वाटली. तुझी बहीण होती, तिच्यात हुशारी असेल असं तुझ्या तर मनातसुद्धा आलं नाही. आपण दोघं मिळून एक बरा विद्यार्थी होतो खरे.

पेटी उघड. ब्लॉकवरचा नंबर गाडीच्या कागदांशी ताडून बघ, कागद आत ठेवलेत. सिलिंडरचा व्यास मोज. मापं तुझ्याकडे आहेतच. अकराशेच्या वर केसभर निघालं तर मला काय म्हणायचं ते म्हण.

आणखी एक आहे, ते लिहू नये असं आठ दिवस ठरवत होतो. ती शेवटच्या आजारात घरी होती तेव्हा तू आला होतास. दारात मी होतो. मी तुला म्हणालो, झोपली आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका सांगितलंय. तू पिशवी माझ्या हातात दिलीस आणि उतरलास. ती झोपली नव्हती. आतून विचारलं, "दादाचा आवाज होता का?" मी म्हटलं, "नाही गं, मीटर बघायला आला होता." ती म्हणाली, "आवाज अगदी तसा होता." तिचा कान, पट्टी. त्या कानाला मी ते सांगितलं आणि तिने ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी ती गेली.

त्या वेळी मला समाधान वाटलं होतं, तेही लिहून टाकतो. जिना उतरताना तुझी पाठ बघून वाटलं, आता आपण फिटलो. फिटलो नव्हतो. तुझ्याकडून जे काढून घेतलं ते तिच्या ताटातलं होतं. याचा जो राग करायचा तो कर, रविवारनंतर कर.

रविवारी मी येणार. शर्यतीत धावायला नाही. मिस्त्री परवा क्लबवर जाऊन बघून आला, माझं नाव पुसलं ती ओळ अजून काळीच आहे. एकतीस वर्षांत तुम्ही तिथे दुसऱ्या नंबराचंही नाव लिहिलं नाहीत. चार बेचाळीस लिहायला तुझा हात धजला नसणार, एवढा तू मला ठाऊक आहेस.

तिथे लिही: चार मिनिटं एकतीस सेकंद. शेजारी माझं नाव नको. तिचं लिही, माहेरचं की सासरचं ते तू ठरव. रंगाऱ्याला सांगू नकोस. स्वतः शिडीवर चढ, हवी तर पट्टी लावून लिही. कुणी विचारलं, हे कोण, तर खाली उतरून सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्या वाटचं मी सांगीन. गाडी फळ्यासमोर उभी करीन, बॉनेटशिवाय, आणि शेवटचं अक्षर पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करणार नाही. धूर होईल थोडा. तो माझ्या हातचा आहे.

तुझ्या बहिणीचा नवरा,
दुकानात नुसता बोलणारा